आरशामागचा हात

वहिनी पडल्या त्या स्टुलावरून, आणि तेही वर चढलेल्या असताना नाही. जळमटं काढताना किंवा बल्ब बदलताना पडल्या असत्या तर निदान चार लोकांत सांगायला बरं वाटलं असतं. पार्लरमधल्या खुर्चीखाली अडकलेले कापलेले केस ओढायला त्या बुटक्या स्टुलावर बसून वाकल्या, स्टूल मागे सरकलं आणि वहिनी उजव्या तळहातावर आल्या. एवढ्याशा उंचीवरून पडून कुणाचं काही मोडत नसतं असं जमलेल्या गिऱ्हाइकांनी एकमुखाने सांगितलं. मनगट मात्र मोडलं होतं.

प्लास्टर झालं, वेळेवर निघालं. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला आणि हाड झकास जुळल्याचा निर्वाळा दिला. गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण हाड जुळलं आणि हात बिघडला. तो सुजून चकचकीत झाला. कधी तापल्यासारखा लाल, तर कधी ओल्या फडक्यासारखा गार. बाहीचा काठ घासला तरी आग व्हायची, पंख्याचा वारा लागला तरी आग. वहिनी तो हात दुसऱ्याचं तान्हं मूल सांभाळावं तसा छातीशी धरून फिरू लागल्या.

डॉक्टरांनी सांगितलं की असं क्वचित होतं. इजा बरी होते, पण ते मेंदूला कळत नाही, तो धोक्याची घंटा बडवतच राहतो. वहिनींनी विचारलं, घंटा डोक्यात वाजतेय तर दुखतं हातात कसं? डॉक्टर म्हणाले, फिजिओथेरपी करा, आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

आता या वहिनी म्हणजे कुणाच्या वहिनी, असं त्या गल्लीत कुणी विचारत नसे. त्या होत्या वन्संच्या वहिनी, म्हणून सगळ्यांच्या. साबणवाला त्यांना वहिनी म्हणे, त्यांच्याहून वयाने मोठ्या बायकाही म्हणत. आणि वहिनी नणंदेला रीतीप्रमाणे वन्सं म्हणत, तेही गिऱ्हाइकांनी उचललं होतं. नवरा अचानक गेला तेव्हा वहिनी ऐन तिशीत होत्या. नणंद त्याच्या आधीच सासरी पटलं नाही म्हणून बॅग घेऊन परत आलेली. दोघी एका घरात, एका स्वयंपाकघरात, दोघींचीही जीभ तिखट. लोक वाट बघत होते की कधी एकदा एकमेकींच्या झिंज्या उपटतात. एके दिवशी वन्संच म्हणाल्या की एकमेकींच्या उपटण्यापेक्षा लोकांच्या कापू, चार घास तरी मिळतील. दोघींनी एकत्र क्लास केला आणि घराच्या पुढच्या खोलीत पार्लर काढलं.

क्लासमध्येच वाटणी झाली होती. वहिनींच्या हातात कात्री अशी बसली की शिकवणाऱ्या बाई बाकीच्यांना म्हणत, हिच्याकडे बघा. वन्संना कात्री कधी जमलीच नाही. त्यांनी धरली की केस कापले जायच्या ऐवजी दुमडायचे. बाई म्हणाल्या, हिच्या हातात गुणच नाही. मग वन्सं दोऱ्याकडे वळल्या. भुवया, चेहरा, वॅक्स, फोन, गल्ला आणि भांडणं, हे सगळं त्यांच्याकडे. केस वहिनींकडे. खोलीत मोठा आरसा, त्यासमोर उंच खुर्ची, आणि त्या खुर्चीमागे वहिनी. वन्संची बसकी खुर्ची खिडकीजवळ, उजेडात, कारण भुवईला उजेड लागतो. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं आणि दोघींना वाटे की जगात यापेक्षा वेगळी मांडणी असूच शकत नाही.

आता ती उंच खुर्ची रिकामी होती. भुवयांवर पार्लर चालत नाही, हे वहिनींनाही कळत होतं. मोठ्या दुकानात काम केलेली एक बाई यायला तयार होती, दोन मुलांची आई, हात चांगला असल्याचं सगळे सांगत. तिला लवकर उत्तर हवं होतं. वन्संनी विचारलं ते सरळच विचारलं, गोडीगुलाबी त्यांच्या स्वभावात नव्हती.

"वहिनी, मला फक्त एवढं सांग, तू या खुर्चीमागे परत उभी राहणार आहेस की नाही? हो असेल तर मी थांबते. नाही असेल तर तिला बोलावते. पण बघू, बघू म्हणत बसू नकोस."

वहिनी म्हणाल्या, "बघू."

काय करणार, खरंच काही कळत नव्हतं. आणि न कळायला मदत करणारे लोक तर पायलीचे पन्नास. शेजारीण म्हणाली, शेक. दुसरी म्हणाली, शेकलंस तर सूज वाढेल, बर्फ लाव. एकीने सांगितलं, हात अजिबात हलवू नकोस. तिच्याच बहिणीने सांगितलं, हलवला नाहीस तर लाकूड होईल. वहिनींचे धाकटे दीर चुंबकाचा पट्टा घेऊन आले. रक्तात लोह असतं, चुंबक ते खेचतं, रक्त फिरतं, दुखणं जातं, असा त्यांचा हिशोब. हातावर तो पट्टा सोसेना म्हणून त्यांनी तो डाव्या मनगटाला बांधला, चुंबकाला डावं-उजवं नसतं म्हणाले. वहिनी पट्टा घालून पार्लरमध्ये बसल्या आणि संध्याकाळपर्यंत ट्रेमधल्या निम्म्या पिना मनगटाला चिकटल्या. वन्सं म्हणाल्या, दुखणं जावो न जावो, पिना ठेवायची सोय छान झाली.

मग एका गिऱ्हाइकाने सुयावाल्या डॉक्टरांचं नाव सांगितलं. मऊ आवाजाचे म्हातारे गृहस्थ, पडद्याआड एक पलंग, भिंतीवर माणसाच्या अंगावरच्या रेषांचा तक्ता. त्यांनी उजव्या हाताला बोटही लावलं नाही. डाव्या पावलात आणि कानाच्या पाळीत सुया टोचल्या. जखम मांडीला आणि मलम शेंडीला, असं वहिनींच्या मनात आलं, पण बोलल्या नाहीत, कारण सुया आधीच टोचलेल्या होत्या. आणि मग गंमत अशी की त्यांना तिथेच झोप लागली. उठल्या तेव्हा हात शांत होता. आता ते सुयांमुळे, की भर दुपारी कुणीही हाक न मारता आडवं पडायला मिळालं म्हणून? आयुष्यात त्यांना दुपारी कधी झोपायला मिळालं होतं? संध्याकाळी हात पुन्हा पेटला. त्या दुसऱ्यांदा गेल्या, तेव्हा झोप लागली नाही आणि हातही शांत झाला नाही. तिसऱ्यांदा झोप लागली, पण हात तसाच. वहिनींनी यातून काय समजायचं? त्यांनी डॉक्टरांनाच विचारलं. ते मऊ आवाजात म्हणाले की शरीर आपल्या वेळेने ऐकतं. हे उत्तर आहे की नुसतंच वाक्य, याचा विचार करत वहिनी घरी आल्या.

फिजिओथेरपी चालूच होती. ती खोली म्हणजे अर्धी व्यायामशाळा आणि अर्धी बालवाडी. आधाराला धरून चालायचे दोन दांडे, हुकांना लटकणाऱ्या रंगीत रबरी पट्ट्या, मोठाले चेंडू, एका कोपऱ्यात खुंटी आणि तिच्यात घालायच्या कड्या. गुडघे बदललेले आजोबा दांडे धरून चालायचे आणि वाटेत येणाऱ्या प्रत्येकाला बाजूला व्हायला सांगायचे. फिजिओ म्हणजे एक तरतरीत मुलगी, केस करकचून बांधलेले. वहिनींनी पहिल्याच दिवशी मनात नोंद केली की हिने एवढे घट्ट बांधले तर कपाळावरचे विरळ होणार. ती वहिनींना काकू म्हणे. एका भांड्यात कोमट पाणी, दुसऱ्यात गार, हात आळीपाळीने बुडवायचा. मग कापसाने कुरवाळायचा, मग मखमलीने, मग खरखरीत टॉवेलने. कापूस लागला की वहिनींच्या डोळ्यांतून पाणी यायचं. कापसाने रडवणारी बाई, असं वन्सं तिला घरी म्हणत.

वहिनींनी तिला विचारलं की शेकायचं की बर्फ, हलवायचं की नाही? तिने सांगितलं, बर्फ नको, हलवायचा, पण हळू. आणि सुया? त्या आवडत असतील तर घ्या, म्हणाली, आडवं पडून बरं वाटतं तेही कमी नाही. चुंबक? त्यावर ती फक्त हसली. वहिनींना राग आला. एकीने तरी ठाम सांगावं ना, की हे खरं आणि ते खोटं.

मग एके दिवशी तिने फोटोंचा गठ्ठा काढला. नुसत्या हातांचे फोटो. कुठला उताणा, कुठला पालथा, कुठला वळलेला. प्रत्येक फोटो बघून डावा की उजवा ते पटकन सांगायचं. वहिनी हसल्या, हे काय, लहान मुलांचा खेळ. आणि मग एकामागून एक चुकत गेल्या. डावे हात बरोबर ओळखले. उजव्यांपाशी थबकायच्या, आणि थबकून थबकून चुकीचंच सांगायच्या.

"मी जन्मभर आरशात बघून काम केलंय," त्या घाईघाईने म्हणाल्या. "मला सगळं उलटंच दिसतं."

फिजिओ मुलगी म्हणाली की तसं असतं तर डावेही चुकले असते. डोक्यातल्या नकाशावर उजव्या हाताची जागा पुसट झालीय, ती पुन्हा गिरवायची. वहिनी घरी येताना रस्त्यावरच्या माणसांचे हात बघत चालल्या. छत्री धरलेला तो उजवा की डावा? समोरून येणाऱ्याचा उजवा आपल्या डावीकडे असतो, हे त्यांना पहिल्यांदाच अवघड वाटलं. पन्नाशी उलटलेली बाई, रस्त्याच्या कडेला उभी राहून स्वतःचे दोन्ही हात पुढे धरून बघत होती.

यानंतर आला आरसा. टेबलावर, वहिनींच्या बरोबर समोर, मध्यावर उभा केलेला. काच डावीकडे. उजवा हात आरशाच्या मागे लपवायचा, डावा पुढे ठेवायचा आणि आरशात बघायचं. आरशात डाव्याचं प्रतिबिंब पडतं ते नेमकं उजव्याच्या जागी. डावा हलवला की वाटतं उजवाच हलतोय, न दुखता. मेंदू फसतो, घंटा हळूहळू थांबते. वन्संना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात, इथे तर हातालाच आरसा.

पण वहिनी फसेनात. बाकी कुणीही फसलं असतं, या बाईला आरसा फसवणार कसा? आरसा हे त्यांचं अवजार होतं, कंगव्यासारखं. त्यात बघून त्या दुसऱ्याच्या दोन्ही कानांमागची लांबी जोखत. त्यांना हात दिसायच्या आधी काच दिसली. कड निघालेली, खालच्या कोपऱ्यात डाग. फिजिओला त्यांनी सांगितलंही की तुम्हाला स्वस्तातला दिलाय. मग हात दिसला, तर मधल्या बोटाच्या पेरावर बारीक पांढऱ्या रेघा. कात्रीच्या चिमट्यांच्या खुणा. केस धरणाऱ्या बोटांनाच कात्री चावते, कात्री धरणाऱ्या नाही. म्हणजे हा डावा. उघडच डावा.

"काकू, आरसा बघू नका, हात बघा."

"हातच बघतेय. डावाच आहे."

कितीतरी वेळा असंच झालं. फिजिओ मुलीने मान्य केलं की सगळ्यांना हे लागू पडत नाही, आणि का पडतं तेही पुरतं कुणाला माहीत नाही. तिच्या या प्रामाणिकपणाचं वहिनींना कौतुक वाटावं की धास्ती, हेही त्यांना ठरवता येईना. आणि मग एका सकाळी ती डाव्या हातावरून ओला टॉवेल फिरवत होती, वहिनी कंटाळून आरशात बघत होत्या, आणि आरशामागच्या उजव्या हाताला ओलं लागलं. स्पष्ट. गार आणि ओलं, आणि आग नाही. वहिनींनी दचकून हात बाहेर काढला. कोरडा होता. त्या आळीपाळीने हाताकडे आणि आरशाकडे बघत राहिल्या. फिजिओ मुलगी खूश झाली. वहिनी मात्र घाबरल्या. स्वतःच्या हाताबद्दल स्वतःलाच खोटी खबर मिळत असेल, तर खरी कुठली?

पण एक कळलं, की आरसा चालतोय. आणि वहिनींचा स्वभाव असा की एखादी गोष्ट चालतेय म्हटल्यावर त्या थोडक्यात थांबणाऱ्या नव्हेत. फिजिओने मुठी उघड-मीट करायला सांगितल्या होत्या, बोटं मोजायला. वहिनींना मुठीशी काय करायचं होतं? त्यांना कात्री हवी होती. पार्लर बंद असतं त्या दिवशी, वन्सं बाजारात गेल्यावर, त्यांनी गिऱ्हाइकाला मागचे केस दाखवायचा आरसा बरणीला टेकवून उभा केला. कापलेल्या केसांची एक जुडी रबराने बांधून ड्रॉवरच्या फटीत अडकवली. उजवा हात आरशामागे. डाव्या हातात आपली जुनी कात्री, जिने त्यांनी कुणाला कागदसुद्धा कापू दिला नव्हता. आणि आरशात बघत त्या कापायला लागल्या.

केस कापले गेले नाहीत. पात्यांमध्ये दुमडले. वहिनींनी पुन्हा केलं. पुन्हा दुमडले, चावल्यासारखे झाले. आरशात त्यांचा उजवा हात, क्लासमधल्या बाईंनी ज्याच्याकडे बघा म्हटलं होतं तो हात, पहिल्या दिवसाच्या शिकाऊ पोरीसारखा कात्रीशी झटापट करत होता. या वेळी काचेचा डाग दिसला नाही, बोटांवरच्या रेघाही दिसल्या नाहीत. उजवा हातच दिसला. त्याला काही येत नव्हतं. दुखतही नव्हतं, आणि हेच जास्त भयंकर होतं. दुखत असतं तर म्हणता आलं असतं की दुखण्यामुळे जमत नाही.

दुसऱ्या दिवशी चहा घेताना वहिनी म्हणाल्या, "वन्सं, त्या बाईला बोलवा."

वन्संनी कप खाली ठेवला. इतके दिवस त्याच हे उत्तर मागत होत्या, आता मिळालं तर त्यांना ते धरवेना. त्यांनी विचारलं, नक्की? वहिनी म्हणाल्या, नक्की, आता बघू नाही. वन्सं उठल्या आणि त्यांनी त्या बाईला फोन करून महिन्याच्या सुरुवातीपासून यायला सांगितलं. मग दिवसभर दोघी एकमेकींशी फक्त कामापुरतं बोलल्या. वन्संनी एका गिऱ्हाइकाची भुवई जरुरीपेक्षा बारीक केली.

संध्याकाळी मात्र वन्संना राहवलं नाही. त्यांनी शटर अर्धं ओढलं आणि विचारलं की काल असं झालं तरी काय? वहिनींनी सांगितलं. नुसतं सांगून कळेना म्हणून सगळं पुन्हा मांडून दाखवलं. बरणी, आरसा, जुडी. डाव्या हातात कात्री घेतली. वन्सं बघत होत्या. केस दुमडले.

"हे बघा. हातातून गेलंय सगळं."

 वन्संनी वहिनींच्या हातातून कात्री घेतली, स्वतःच्या डाव्या हातात धरली आणि केसांवर चालवली. केस दुमडले. अगदी तसेच.

"वहिनी, ही कात्री उजव्या हाताची आहे. डाव्यात धरली की पाती एकमेकांपासून लांब जातात. कुणाच्याही हातात. तुझं काही गेलेलं नाही."

वहिनींना समजेना. वन्संनी पुन्हा सांगितलं. वहिनींनी कात्री घेतली, पाती उजेडात धरली. अंगठ्याचा दाब कुठे पडतो, वरचं पातं कुठल्या बाजूला आहे, हे सगळं त्यांना कुणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. आणि काल हे सुचलं नाही. कसं सुचणार? काल त्यांच्या लेखी ती कात्री उजव्याच हातात होती.

"तुम्हाला कसं ठाऊक?" त्यांनी विचारलं. "तुम्ही तर कधी कात्री धरत नाही."

"मी डावखुरी आहे," वन्सं म्हणाल्या. "लहानपणी हातावर पट्ट्या मारून लिहायला उजवा लावला, म्हणून तुला दिसलं नाही. क्लासमध्ये केस दुमडायला लागले तेव्हा मी बाईंना म्हटलं होतं, कात्रीतच काहीतरी आहे. तू हसलीस. नाचता येईना अंगण वाकडं, म्हणालीस. बरीच वर्षं गेल्यावर कात्र्या विकणारा एकजण बोलता बोलता म्हणाला की डाव्या हाताच्या वेगळ्या असतात. अंगण खरंच वाकडं होतं, वहिनी."

 वहिनींना क्लास आठवत होता, बाई आठवत होत्या, पण आपण हे म्हणाल्याचं मुळीच आठवत नव्हतं. वन्सं खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. म्हणजे म्हणाल्याच असणार.

"मग विकत का नाही घेतलीत तेव्हा?"

"तोवर भुवयांत हात बसला होता. आणि खुर्ची एकच होती." वन्संनी जुडी ड्रॉवरच्या फटीतून सोडवली. "तुझा हात एक दिवस डावा झाला तर तू लगेच खुर्ची सोडायला निघालीस. मी आता त्या बाईला शब्द देऊन बसलेय."

फिजिओ मुलीने हे सगळं ऐकलं आणि आधी कपाळाला हात लावला, मग म्हणाली की काकू, तुम्ही फसलात ना, मला तेच हवं होतं. फक्त आरशात मेंदूला दाखवलंत ते चुकीचं. आता डाव्या हाताने कात्री नुसती हवेत चालवा, केस नकोत, आरशात उजवा नीट चालताना दिसू दे. वहिनींनी ते केलं. हवेतल्या कात्रीला पात्यांची भानगड नसते. मग आरशामागे उजव्या हातात नुसती पेन्सिल, मग कात्री, आधी बंद, मग उघडी. सुयावाल्यांकडेही त्या जातच राहिल्या, कारण झोप लागायची. मखमल चालू, कोमट पाणी चालू. दीर आले की पट्टाही घालत, त्यांचं मन मोडायला नको म्हणून. सूज उतरत गेली. आता हे कशाने म्हणायचं? दीर म्हणाले चुंबकाने. वन्सं म्हणाल्या, काळाने, काळ फुकट असतो म्हणून त्याचं नाव कुणी घेत नाही. वहिनींना विचारलं की त्या म्हणत, कुणास ठाऊक, आणि खरंच त्यांना ठाऊक नव्हतं. काही दिवस हात छान असायचा, काही दिवस बाहीचा काठ पुन्हा डंख मारायचा, आणि दोन्ही दिवशी त्यांनी केलेलं मात्र सारखंच असायचं.

महिना संपत आला. ती बाई पुढच्या आठवड्यात येणार होती. तेव्हा हेडबाई आल्या. एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, ताठ मानेच्या. वहिनी पडल्यापासून त्यांनी कुणालाच डोक्याला हात लावू दिला नव्हता. केस कॉलरखाली उतरले होते आणि त्यांच्या मते ते माणसाला शोभत नव्हतं. त्या कुणाला न विचारता उंच खुर्चीत जाऊन बसल्या आणि आरशातून वहिनींना म्हणाल्या, "जमेल तेवढं काप. नाही जमलं तर अर्धी घरी जाईन."

वन्सं खिडकीजवळ दोरा हातात धरून थांबल्या. त्यांच्या खुर्चीतल्या गिऱ्हाइकाची एक भुवई झाली होती, एक व्हायची होती. वहिनींनी हेडबाईंच्या गळ्याशी कापड बांधलं. फवारा मारला. डाव्या हाताच्या दोन बोटांत केस धरून वर उचलले, ते बरोबर त्याच कोनात उचलले गेले, डाव्याला कधी काही झालंच नव्हतं. मग उजव्यात कात्री घेतली. अंगठा आणि अनामिका कड्यांत गेली तेव्हा मनगटात काहीतरी सळसळलं. दुखणं होतं का ते? की नुसती भीती? फिजिओने सांगितलं होतं की दोन दुखणी ओळखायला शिका, एक कामाचं आणि एक घंटेचं. वहिनींनी कान देऊन ऐकल्यासारखं केलं. काही कळेना. त्यांनी कात्री मिटली. केस पडले. स्वच्छ, सरळ.

मागची बाजू झाली. उजवा कान झाला. डाव्या कानापाशी हात जड झाला, बोटांना घाम आला, आणि त्यांनी कात्री खाली ठेवून हात दोनदा झटकला. हेडबाईंनी मान हलवली नाही. वहिनींनी पुन्हा उचलली. संपलं तेव्हा त्यांनी नेहमीसारखं आरशात बघून दोन्ही बाजू जोखल्या आणि त्यांना कुठली बाजू लांब आहे ते सांगता येईना. आधी वाटलं डावी. मग उजवी. मग वाटलं, डावी म्हणजे कुणाची डावी?

"वन्सं, बघा जरा."

वन्सं उठून आल्या. "डाव्या कानाची. जराशीच."

वहिनींनी डाव्या कानामागची टोकं कापली. आता मनगट दुखत होतं यात शंका नव्हती. पण हे पूर्वीही दुखायचं, गर्दीच्या दिवशी, पडायच्या कितीतरी आधी, तेव्हा त्याला कुणी नाव ठेवलं नव्हतं. हेडबाई उठल्या, मानेवरून हात फिरवला, ठीक आहे म्हणाल्या. त्यांच्या तोंडून ठीक आहे म्हणजे खूप झालं. त्या गेल्या.

तेवढ्यात फोन वाजला. वन्संनी नंबर पाहिला. नवी बाई होती, वेळ पक्की करायला. वन्संनी फोन उचलला, थांबा हं म्हणाल्या, आणि त्यावर हात ठेवून वहिनींकडे वळल्या.

"काय सांगू?"

वहिनी खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या होत्या. उजव्या हाताने धरलंय हे त्यांच्या लक्षातही नव्हतं. "दुखतंय," त्या म्हणाल्या. "पण कुठलं दुखतंय ते मला सांगता येत नाही. उद्या दोन डोकी जमतील की एकही नाही, तेही नाही."

"अगं पण हिला काय सांगू? शब्द दिलाय मी."

"शब्द दिलाय तर येऊ दे. नाहीतरी माझ्याच्याने सगळी होणार नाहीत. पण या खुर्चीमागे मी उभी राहणार. तिची खुर्ची खिडकीशी लावू."

"खिडकीशी मी बसते."

"मग तुम्ही सरका."

वन्संनी वहिनींकडे बघितलं, मग खिडकीकडे, मग अर्ध्या भुवईने बसून राहिलेल्या गिऱ्हाइकाकडे. भुवईला उजेड लागतो, हे वहिनींना माहीत नव्हतं असं थोडंच होतं? वन्संनी फोनवरचा हात काढला आणि म्हणाल्या, "तुम्ही या बाई एक तारखेला. कुठे उभं राहायचं ते आमचं इथे ठरतंय."

आणि फोन ठेवून त्या टेप शोधायला लागल्या, कारण आरशाच्या दुसऱ्या बाजूला आणखी एक खुर्ची मावेल एवढी भिंत मोकळी आहे का, ते आजवर कुणी मोजलंच नव्हतं.